डाव्या पायाला रजा

शनिवार, ८ फेब्रुवारी

चंद्रमती आजही बसनंच तिरुवैयारुला गेली. तिथं तिच्या बहिणीच्या घरी सात मुली तिच्याकडे वीणा शिकतात. बत्तीस वर्षं दर शनिवारी मी तिला आमच्या अँबॅसडरमधून नेलं आणि आणलं. ऑक्टोबरात माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं. गुडघा चालण्यापुरता चालतो, पण क्लच दाबून धरायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आणि गावातल्या कीळवासल भागाच्या गर्दीत क्लच सोडून दुसरं काही दाबावंच लागत नाही.

बसमध्ये तिचे हाल होत असणार. ती तसं म्हणत नाही. कंडक्टर दुसरी सीट राखून ठेवतो म्हणते, कंडियूरला एक निवृत्त नर्स चढते, तिच्याकडून लोणच्याची कृती मिळाली म्हणते. येताना हसत येते. माझं मन राखायला हे चाललंय, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

म्हणून आज ठरवलं. गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. गाडी अडुसष्टची, माझ्या वडिलांनी, अप्पांनी घेतलेली. शहाण्णव साली मी तिच्यात इसुझूचं इंजिन बसवलं, तेव्हाही लोक हसले होते. त्याच घराण्यातल्या इंजिनाला बाहेरदेशी ऑटोमॅटिक जोडून येत असे, हे मी वाचून ठेवलंय.

लावण्याला फोनवर सांगितलं. मुलगी आमची कोइमतूरला असते, मराठी सगळी कळते आणि उत्तर तमिळमध्ये देते. म्हणाली, अप्पा, टॅक्सी करा. मी फोन तिच्या आईकडे दिला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सुब्रह्मण्य मिस्त्रीकडे गेलो. नागै रस्त्यावर त्याचं वर्कशॉप आहे. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होतो तेव्हापासूनची ओळख. बिचाऱ्यानं चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, हत्तीला सायकल शिकवायची म्हणता."

मग सहज बघतो म्हणून गाडीखाली शिरला. पाऊण तास बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात टेप होता आणि डोळ्यांत चमक होती. मधला पत्रा कापावा लागेल, मागं जाणारा शाफ्ट आखूड करावा लागेल, खालची आडवी पट्टी नवी बनवावी लागेल, असं सगळं एका दमात बोलला. होईल का, हे मी विचारलंच नाही. ज्याला मोजमापाचा मोह झाला तो माणूस आता सुटत नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चेन्नईच्या भंगारबाजारातून बॉक्स आला. पोत्यात गुंडाळलेला, अंगभर तेलकट. त्याच्यासोबत त्याचा कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी बसतो तो मोठा भोपळा. बॉक्स वाईट अवस्थेत नाही. तेलाचा रंग तांबूस आहे, जळका वास नाही.

वर्कशॉपातून चालत येताना एक गंमत झाली. फुलवालीनं मागून हाक मारली, "अहो अय्या, चप्पल." उजवी चप्पल तिच्या टोपलीपाशीच राहिली होती आणि मी वीसेक पावलं तसाच पुढं आलो होतो. हल्लीच्या चपला फारच सैल करतात. आत्ता बदलून आणल्या, पट्ट्याच्या घेतल्या.

सोमवार, ३ मार्च

ही वही मी देवनागरीत लिहितो, कारण घरात ती दुसऱ्या कोणालाच वाचता येत नाही. अप्पांनी मला मारून मुटकून शिकवली. चंद्रमतीला तमिळ येतं, इंग्रजी येतं, तेलुगू कृती, म्हणजे गाण्याच्या रचना, वाचता येतात, पण मराठी तिला, इथल्या बहुतेक मराठी घरांतल्यासारखी, तोंडीच. त्यामुळे इथं मोकळेपणानं लिहितो: मला भीती वाटते. गाडीची नाही. गाडी झाली नाही तर घरात बसून राहायचं, याची. सहासष्टावं वर्ष लागलंय. शनिवारी सकाळी ती निघते आणि मी दारात उभा राहून हात हलवतो. हे काम मला जमत नाही.

गुरुवार, ६ मार्च

पत्रा कापला. गॅस कटरनं कापताना मी जवळच उभा होतो. सुब्रह्मण्य एकदम ओरडला आणि त्यानं मला ढकललंच. कापलेल्या पत्र्याचा लाल तुकडा माझ्या उजव्या पावलावर पडला होता. मला काहीच लागलं नाही. तो म्हणाला, "सार, वास येतोय." खरंच, पट्टा जळाला होता आणि खाली मोठा फोड आला होता.

घरी चंद्रमतीनं मलम लावलं. दुखतं का विचारलं. नाही म्हटलं. चौतीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, असंही म्हटलं. तिनं फोडाभोवती बोटानं उगाच दाबून बघितलं.

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस चांगला. बॉक्स जोडला.

कन्व्हर्टर बॉक्सच्या तोंडात पूर्ण बसला पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. सुब्रह्मण्य म्हणत होता बसला. मी म्हटलं, थांब. कन्व्हर्टरवर दोन्ही तळवे ठेवून हळूहळू फिरवला. एकदा टक् झालं, आत सरकला. पुन्हा फिरवला, पुन्हा टक्. तो म्हणाला, आता झालं. माझ्या हातांना पटत नव्हतं. तिसऱ्यांदा टक् झालं आणि भोपळा बोटभर आत गेला. मिस्त्रीनं माझ्यासाठी चहा मागवला.

असल्या गोष्टी डोळ्यांनी कळत नाहीत, अंगाला कळाव्या लागतात.

रविवार, १६ मार्च

लावण्या दोन दिवसांसाठी आलीय. तिला मोठ्या देवळात जायचं होतं आणि आम्ही आवरून निघेपर्यंत बारा वाजले. दगड तापलेले. लोक काथ्याच्या पट्टीवरून पळत होते, लावण्या तर उड्याच मारत होती. मी पट्टी सोडून भर दगडावरून सावकाश चालत गेलो. दोन कॉलेजची पोरं बघत राहिली. लहानपणापासूनची सवय, आणखी काय.

सावलीत आल्यावर चंद्रमती माझ्या पायांकडे बघत होती. काय बघतेस, विचारलं.

"काय नाही," ती म्हणाली. "तुमचे पाय उदंड धीट झालेत."

कौतुक ती कधी सरळ करत नाही.

सोमवार, २४ मार्च

गिअरच्या दांड्याखालची अक्षरांची पट्टी भंगारातून आली तीच पुसट होती. मी पितळेची नवी केली आणि तिच्यावर देवनागरीत अक्षरं कोरली: थां, मा, रि, पु. थांबा, मागे, रिकामा, पुढे. इंग्रजीची गरज काय? गाडी माझी, चालवणार मी, वाचणार मी.

संध्याकाळी वर्कशॉपात गेलो तर पट्टी उलटी बसवलेली. अक्षरं वटवाघळांसारखी लोंबत होती. सुब्रह्मण्यला विचारलं, तर म्हणतो, "सार, रेघ खाली असते ना? अक्षराखाली ओळ मारतात तशी." देवनागरीची शिरोरेषा त्यानं अधोरेषा समजली. दोघंही पोट धरून हसलो. पट्टी सरळ करून घेतली.

बॉक्स बदलाला आरटीओची परवानगी गेल्याच आठवड्यात आली. तपासणीसाठी गाडी मिस्त्रीच नेईल. त्याआधी पूजा आमच्या दारात.

शुक्रवार, ४ एप्रिल

काय झालं ते क्रमानं लिहितो.

गाडी दारात आणली होती. सकाळी साडेनऊ. चंद्रमतीनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. ती चिरडून गाडी चार हात पुढं न्यायची आणि थांबवायची, एवढंच. मी बसलो. दांडा 'पु'वर आणला. कापूर ओवाळून ती गाडीपुढून गेली आणि पायरीवर चढली. मी अॅक्सिलरेटरला पाय लावला. लिंबं फुटल्याचा आवाज आला. मी पाय उचलून ब्रेकवर ठेवला.

गाडी थांबली नाही. ओरडतच पुढं गेली आणि समोरच्या घराच्या भिंतीवर आदळली. पुढचा बंपर वाकला, एक दिवा फुटला. मी ब्रेक दाबत होतो, इतका की कंबर ताठली होती. सुब्रह्मण्यनं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

अॅक्सिलरेटरची केबल अडकली. नवी केबल कुठंतरी घासत असणार. त्याला स्पष्ट सांगितलं की हे काम निष्काळजीपणाचं आहे. त्यानं मान खाली घातली. मला ते बोलायला नको होतं, पण खरं तेच.

चंद्रमतीनं फुटलेली लिंबं गोळा केली.

सोमवार, ७ एप्रिल

सुब्रह्मण्यनं केबल तीनदा काढून बघितली. त्यानं गाडी गावभर फिरवली. वल्लमपर्यंत नेऊन आणली. कुठं अडकत नाही. मी म्हटलं, तुझ्या हातात अडकली नाही म्हणजे अडकत नाही असं नव्हे. तो म्हणाला, "सार, रागावणार नसाल तर एक सांगू? मी खिडकीतून आत बघितलं तेव्हा तुमचा पाय ब्रेकवर नव्हता."

मी रागावलो.

मंगळवार, ८ एप्रिल

दुपारी जेवण झालं. अंबटभाजी होती. मी आरामखुर्चीत बसलो आणि चंद्रमती केरसुणीतली एक काडी घेऊन माझ्यापुढे खाली बसली.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "मी काडी कुठल्या बोटाला लावते ते सांगा."

हा काय पोरखेळ, असं मी म्हटलं. मग म्हटलं, करायचं तर नीट कर. प्रत्येक पायाची दहा रीडिंगं घे. कुठं लावली आणि मी काय म्हटलं, दोन्ही कागदावर लिही. ती म्हणाली बरं. मी डोळे मिटले.

डाव्या पायाची दहा झाली. ऑपरेशनचा पाय, तरी बरी सांगितली असावीत असं वाटलं. आता उजवा घे, मी म्हटलं. वाट पाहत बसलो. बराच वेळ गेला. रस्त्यावरून इडियाप्पमवाला ओरडत गेला. मी म्हटलं, "अगं, सुरू कर ना."

ती म्हणाली, "झालं. दहा झाले."

मी डोळे उघडले. कागद बघितला. डावा: दहापैकी सहा बरोबर. उजवा: माझ्या उत्तराचे दहा रकाने, दहाही कोरे. तिच्या हातात काडी होती आणि माझ्या उजव्या तळव्यावर बारीक लाल ओरखडे होते. शेवटी शेवटी तिनं बरंच जोरात लावलं असावं.

चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की रीडिंग आवडलं नाही म्हणून खोडायचं नसतं. मी कागद हातात धरून बसलो आणि मला रडू आलं. तिनं काडी बाजूला ठेवली आणि माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले. डाव्यावर तिचा हात गरम लागला.

गुरुवार, १० एप्रिल

डॉक्टर म्हणाले, पंधरा वर्षांची साखर, तिच्या जोडीला कंबरेतली जुनी दबलेली नस. फोड, चपला, देऊळ, सगळं चंद्रमतीनं त्यांना तारखेवार सांगितलं. मी नुसता ऐकत होतो. ती हे दोन महिने टिपत होती आणि मी कौतुक समजत होतो. डॉक्टरांनी तळव्याला काही तपासून सांगितलं की गाडी चालवायची नाही. कुठलीही.

दोन महिने मी डाव्या पायाला रजा मिळावी म्हणून खपलो. गाडीनं तो सोडला आणि उजवा मागितला. तो कधीच गेला होता.

आणि ती कापूर घेऊन गाडीपुढून गेली होती. दोन पावलं उशीर झाला असता तर. हे मला लिहून ठेवलं पाहिजे, कारण न लिहिता मी ते विसरायचा प्रयत्न करेन.

सुब्रह्मण्यकडे जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "विडुंगा सार, सोडा ते." मग बंपर दाखवला. ठोकून सरळ केला होता.

शनिवार, १२ एप्रिल

ती बसनं गेली. मी गाडीत जाऊन बसलो, किल्ली न घेता. परत आल्यावर तिला सांगितलं, गाडी विकून टाकू.

"काशाला?" ती म्हणाली.

"आता कोण चालवणार?"

"मी शिकते."

माझ्या तोंडून "तुला काय जमणार" एवढं निघूनही गेलं. त्र्याण्णव साली मी तिला शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी करंदैजवळ गाडी भर रस्त्यात बंद पडली, ती उतरली आणि चालत घरी आली. क्लच तिला कधी जमलाच नाही.

ती म्हणाली, "जमत होता. क्लच मला बेस येत होता. तुमचं ओरडणं येत नव्हतं."

एवढं बोलून ती वीणेच्या तारा पुसायला लागली. बत्तीस वर्षं मी तिला नेत-आणत होतो ते उपकार समजून. ती दर शनिवारी डावीकडे बसून काय विचार करत असेल, हे मी आज पहिल्यांदा मनात आणलं. काही फार बरं वाटलं नाही.

सोमवार, ५ मे

तिचं शिकाऊ लायसन्स आलं. वय साठ पूर्ण. सकाळी सहा वाजता सुब्रह्मण्य तिच्या शेजारी बसतो. मला मागच्या सीटवर बसायची परवानगी आहे, तोंड उघडायची नाही. अटी दोघांनी मिळून ठरवल्या, मला विचारलं नाही.

पट्टीवरची अक्षरं तिला वाचता येत नाहीत याची मला लाज वाटली. ती कोरताना मी काय करत होतो ते आता कळतं. तमिळमध्ये नवी पट्टी करून देतो म्हटलं. ती म्हणाली, "नोको. पाठ झालं." आणि नाचाच्या बोलांसारखं म्हणून दाखवलं, "थां-मा-रि-पु, थां-मा-रि-पु." मिस्त्रीही आता तेच म्हणतो. परीक्षेच्या वेळी अधिकाऱ्यांना दिसावं म्हणून तेवढी इंग्रजी अक्षरं कागदावर चिकटवली आहेत.

शनिवार, २४ मे

ती ब्रेक फार हळू दाबते, वळताना फार लांबून दिवा लावते, सायकलवाल्यालाही वाट देते. मी तोंड उघडलं नाही. फक्त एकदा खोकलो. तिनं गाडी बाजूला घेतली, 'थां'वर आणली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं. मग गाडी सुटली.

बुधवार, १८ जून

माझं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतं. नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर होता. कुठला अवयव गमावलाय का, सगळं नीट दिसतं का, असे प्रश्न. पाय तर दोन्ही आहेत. 'नाही' लिहून खपलं असतं, कोणी काडी घेऊन बसलं नसतं. अर्ज अर्धा भरला. मग फाडला. फाडताना फार वाईट वाटलं, पण हात थांबला नाही.

गुरुवार, ३ जुलै

ती पास झाली. अधिकाऱ्यानं म्हणे विचारलं, मॅडम, आजवर का शिकला नाहीत? तिनं काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही. सुब्रह्मण्यला माहीत आहे. तो माझ्याकडे बघून नुसता हसतो.

शनिवार, १२ जुलै

आज ती मला तिरुवैयारुला घेऊन गेली.

सव्वाआठला निघालो. मी डाव्या दारानं चढलो. सवयीनं उजव्या दाराकडे गेलो होतो, तिथं ती आधीच बसलेली. लुगड्याचा पदर खोचून, चष्मा लावून. बसमधल्या नर्सबाईंना तिनं निरोप दिला होता, त्या कंडियूरला थांब्यावर उभ्या राहून हात हलवणार होत्या. म्हणजे त्या खऱ्याच आहेत. बसचं दुःख माझं एकट्याचंच होतं.

वडवार नदीचा पूल करंदैच्या गर्दीत कधी गेला कळलं नाही. बाहेर पडल्यावर रस्ता मोकळा झाला. ती चाळिसानं चालवत होती, लोक मागून हॉर्न वाजवून पुढं जात होते, आणि मला घाई नव्हती. वेण्णारच्या पुलावर समोरून लॉरी आली. तिनं हळू केलं, जागा दिली, आणि रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "पाणी आलंय का?"

उन्हाळाभर या नद्या कोरड्या असतात, धरण सोडलं की पाणी येतं. बत्तीस वर्षं हा प्रश्न मी विचारत आलो. चालवणाऱ्याला पुलावरून खाली बघता येत नाही. ती डावीकडून बघायची आणि सांगायची, तेवढंच पाणी मला माहीत. कठडा ओलांडून नदी मी स्वतः कधी बघितलीच नव्हती, या रस्त्यावर तरी.

मी काच खाली केली आणि वाकून बघितलं.

"आलंय," मी म्हटलं. "काठापासून हातभर खाली आहे. गढूळ आहे. पलीकडे दोघं जाळं टाकून उभे आहेत, एकानं डोक्याला लाल तुंडू गुंडाळलाय. आणि खांबापाशी भोवरा—"

"एवढं नोको हो," ती म्हणाली. "मी चालवतेय. आहे का नाही, तेवढंच सांगा."

पुढं वेट्टार लागली, मग कुडमुरुट्टी, मग कावेरी. तिन्ही पुलांवर तिनं विचारलं आणि तिन्ही पुलांवर मी वाकून बघितलं आणि आहे म्हणून सांगितलं.